सौताड्याच्या दरीत

मुलांनो, 'बाला' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत 'बाला' म्हणजे वरचा, उंच. घराच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीला बालाखाना म्हणतात. दुधावर येणाऱ्या सायीला बालाई म्हणतात, कारण ती वर येते. आता महाराष्ट्राचा नकाशा उघडा. मराठवाड्यात बीड जिल्हा शोधा. या जिल्ह्यातून एक डोंगररांग आडवी गेलेली दिसेल. तिचे नाव बालाघाट. घाट चढून गेल्यावर जो वरचा मुलूख लागतो, तो बालाघाट. मोगलांच्या काळी वऱ्हाडातही वरच्या भागाला बालाघाट आणि खालच्या भागाला पाईनघाट म्हणत. 'पाईन' म्हणजे खालचा, हे तुम्ही माझ्या आधीच ओळखले असेल.

आज आपण या बालाघाटात एक दिवस पायी हिंडणार आहोत. आपल्याला जायचे आहे पाटोदा तालुक्यातल्या सौताडा या गावी. तिथे विंचरणा नावाची नदी एका उंच कड्यावरून दरीत उडी घेते. दरीच्या तळाशी रामेश्वराचे जुने मंदिर आहे.

निघण्यापूर्वी दोनतीन शब्दांची ओळख करून घेऊ, नाहीतर वाटेत घोटाळा होईल. उर्दूत दरी म्हणजे जमिनीवर अंथरायची सतरंजी. मराठीत दरी म्हणजे डोंगरांमधला खोल भाग. तेव्हा एखादा मराठी मित्र "माझी पिशवी दरीत पडली" असे म्हणाला, तर सतरंजी झटकायला जाऊ नका. उर्दूत कडा म्हणजे हातात घालायचे जाड कंगण. मराठीत कडा म्हणजे डोंगराची सरळ उभी बाजू. आणि तुम्ही ज्याला आबशार म्हणता, त्याला मराठीत म्हणतात धबधबा. पाणी पडताना जो आवाज होतो, त्यावरूनच हा शब्द झाला आहे. दबदबा हा शब्द मात्र वेगळा. तो उर्दूत आणि मराठीत एकाच अर्थाने वापरतात. पावसाळ्यात सौताड्याच्या धबधब्याचा दबदबा मोठा असतो, असे एक वाक्य तुम्ही सहज बनवू शकाल.

सहलीचा दिवस ऑगस्टच्या शेवटचा किंवा सप्टेंबरमधला धरा. दोन दिवस जोराचा पाऊस झालेला नसावा, पण नदीला पाणी असावे. श्रावणातल्या सोमवारी दर्शनासाठी फार गर्दी असते, म्हणून तो वार सोडा. पायांत पकड असलेले बूट हवेत. गुळगुळीत तळाच्या चपला घरी ठेवा. पाण्याची बाटली, डबा, थोडे गूळ-शेंगदाणे आणि एक टोपी पुरे. एक गोष्ट मात्र त्या दिवशी लावू नका : अत्तर. कारण पुढे सांगतो.

बीड शहर बिंदुसरा नदीच्या काठी सखल भागात वसलेले आहे. शहरातून दक्षिणेकडे निघालो, की वाटेत खजाना बावडी लागते. ही विहीर निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधली गेली. सगळा खजिना ती बांधण्यात संपला, म्हणून तिला हे नाव पडले, असे लोक सांगतात. ते खरे असो वा नसो, विहिरीची रचना पाहण्यासारखी आहे. तिला जमिनीखालून बोगदे आहेत. दोन बोगद्यांतून झिरपलेले पाणी विहिरीत येते आणि एका बोगद्यातून ते शेतांकडे जाते. ना मोट, ना पंप. जमिनीच्या उताराचा नेमका उपयोग करून पाणी आपोआप वाहते ठेवले आहे. दुष्काळातही या विहिरीत पाणी असते, अशी तिची ख्याती आहे. ही विहीर लक्षात ठेवा. दरीत उतरल्यावर आपल्याला तिची आठवण होणार आहे.

पुढे गाडी मांजरसुंब्याचा घाट चढू लागते. वळणे संपतात आणि एकदम सपाट माळ दिसू लागतो. हाच बालाघाटाचा घाटमाथा. डावीउजवीकडे बाजरी, तूर, उडीद, सोयाबीनची शेते. बांधावर बाभळी आणि कडुनिंब. उताराच्या खडकाळ जागेत सीताफळाची झाडे. सीताफळ म्हणजे तुमचे शरीफा. या झाडाला फार पाणी लागत नाही आणि शेळ्याही त्याचा पाला खात नाहीत. म्हणून जिथे दुसरे काही टिकत नाही, तिथे ते टिकते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे या नावाने हे फळ विकण्याचा हक्क या भागाचा आहे हे कायद्याने मान्य झाले.

पाटोदा तालुक्यातच नायगावचे मयूर अभयारण्य आहे. ते १९९४ साली जाहीर झाले. झुडपी जंगल, गवत आणि नाले असा तो प्रदेश आहे. मोर दिसला नाही तरी 'म्याओ' असा त्याचा आवाज दूरवरून ऐकू येतो. उर्दूत याला मोर म्हणतात आणि ताऊसही म्हणतात. ज्या वाद्याला ताऊस म्हणतात, त्याचा आकार मोरासारखा असतो. पण आज आपल्याला अभयारण्यात थांबायचे नाही.

याच तालुक्यात एक गंमत आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, समजून घ्यावी लागते. मांजरा नदीचा उगम पाटोदा तालुक्यात, गवळवाडीजवळ होतो. ती पूर्वेकडे जाते. धनेगावच्या धरणात अडते, लातूर जिल्ह्यातून कर्नाटकात आणि तेलंगणात शिरते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहून गोदावरीला मिळते. हैदराबाद शहर अनेक वर्षे तिचे पाणी पीत आले आहे. तिथे तिला मांजिरा म्हणतात. आणि आपली विंचरणा? तीही याच तालुक्यातून वाहते, पण ती जामखेडच्या दिशेने जाते. ती सीनेला मिळते, सीना भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. म्हणजे पाटोद्याच्या माळावर पावसाची एकच सर पडते, पण तिचे काही थेंब गोदावरीच्या वाटेला लागतात आणि काही कृष्णेच्या. असे पाणी दोन बाजूंना वाटून देणाऱ्या उंच जागेला जलविभाजक म्हणतात. इथला जलविभाजक काही टोकदार शिखर नाही. एखाद्या शेताचा साधा बांधसुद्धा जलविभाजक असू शकतो.

आता सौताडा आले. गाडीतून उतरल्यावर समोर फक्त माळ दिसतो. दरी कुठे आहे, असे तुम्ही विचाराल. ती दिसत नाही, आधी ऐकू येते. थोडे पुढे गेलात, की जमीन एकदम संपते आणि खाली हिरवी खोल दरी उघडते. सह्याद्रीत डोंगर वर चढून पाहावे लागतात. इथे उलटे आहे. इथले सौंदर्य पायांखाली दडलेले आहे. म्हणून बाहेरगावचे पुष्कळ लोक जवळच्या रस्त्याने जातात आणि त्यांना काहीच कळत नाही.

काठावर उभे राहण्याची घाई करू नका. कड्याच्या टोकावरची माती पावसाने सुटी झालेली असते. गवताने ती झाकलेली असते, त्यामुळे कडा कुठे संपतो हे नीट कळत नाही. कड्यापासून चारपाच पावले मागे राहा. फोटो काढताना मागे मागे सरकणे हा तर सरळ मृत्यूला बोलावण्याचा प्रकार आहे. आपल्याला दरी पाहायची आहे आणि ती मागूनही दिसते.

आता समोरच्या कड्याकडे नीट पाहा. त्यावर आडवे पट्टे दिसतात का? जणू कोणी वह्या एकावर एक रचून ठेवल्या आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला लाव्हा वर आला. तो एकदाच आला नाही, अनेकदा आला. प्रत्येक वेळी तो पसरला, थंड झाला आणि त्याचा एक थर झाला. अशा थरांवर थर चढून दख्खनचे पठार तयार झाले. आज या खडकाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापलेली आहे. खडकाचे नाव बेसाल्ट. आपण त्याला काळा पाषाण म्हणतो. भूगोलाच्या पुस्तकात 'दख्खन ट्रॅप' असा शब्द येतो. ट्रॅप म्हणजे इथे सापळा नव्हे. स्वीडनच्या भाषेत जिन्याला जो शब्द आहे, त्यावरून तो आला आहे. या डोंगरांच्या उतारांवर जिन्यासारख्या पायऱ्या पडतात, म्हणून.

वेरूळ आणि अजिंठ्याची लेणी याच खडकात कोरलेली आहेत. अंबाजोगाईची लेणीही याच खडकातली. शेतातली काळी माती म्हणजे याच खडकाचा हजारो वर्षांत झालेला भुगा. एकाच दगडाने देवळे दिली, लेणी दिली आणि कापूस पिकवणारी जमीनही दिली.

सगळे थर मात्र सारखे नसतात. काही थर घट्ट आणि कठीण असतात. काहींमध्ये लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, त्यामुळे ते पावासारखे सच्छिद्र झाले. ते लवकर झिजतात. दोन थरांच्या मध्ये कधी लाल मातीचा पट्टाही असतो. धबधब्याचे गुपित यातच आहे. वरचा थर कठीण आणि खालचा मऊ असला, की पडणारे पाणी खालचा थर कोरून काढते. वरचा थर छज्जासारखा पुढे राहतो. एके दिवशी त्याला खालून आधार उरत नाही आणि तो कोसळतो. मग पुन्हा कोरणे सुरू. असा धबधबा हळूहळू मागे मागे सरकतो आणि त्याच्यापुढे दरी लांबत जाते. दरीच्या तळाशी जे मोठमोठे दगड पडलेले दिसतात, ते एके काळी वरच्या छज्जाचे भाग होते. म्हणून कड्याच्या अगदी खाली बसून जेवू नये. दगड घड्याळ पाहून पडत नाहीत.

चला, आता पायऱ्यांनी खाली उतरू या. उतरताना घाई करायची नाही. चढताना दम लागतो, पण माणूस घसरतो तो बहुधा उतरताना. पाऊल आडवे टाका, गुडघे थोडे वाकवा. हिरवट काळा चकचकीत दगड दिसला, की समजा त्यावर शेवाळ आहे. शेवाळ म्हणजे काई. त्यावर कितीही चांगला बूट टिकत नाही.

याच काळ्या खडकावर चढणे हा महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलामुलींचा छंद आहे. त्याला प्रस्तरारोहण म्हणतात. प्रस्तर म्हणजे खडक आणि आरोहण म्हणजे चढणे. मुंबईत १९५४ साली 'गिरिविहार' ही गिर्यारोहकांची संस्था सुरू झाली. मुंबईची मुले मुंब्र्याच्या डोंगरात सराव करतात. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहिला, तर त्यावर माणूस चढू शकतो यावर विश्वास बसत नाही. पण चढणारे चढतात. २०१६ साली नवी मुंबईत या खेळाच्या विश्वचषक मालिकेतली एक स्पर्धा झाली आणि २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदाच खेळला गेला.

आपण आज कड्यावर चढणार नाही. त्यासाठी दोर, शिरस्त्राण, साधने आणि मुख्य म्हणजे शिकवणारा माणूस लागतो. पण प्रस्तरारोहकांचे दोन नियम पायवाटेवरही उपयोगी पडतात. पहिला नियम तीनचा. दोन हात आणि दोन पाय मिळून चार आधार झाले. त्यांपैकी तीन नेहमी खडकावर घट्ट हवेत आणि चौथा तेवढा हलवायचा. पाय हलवलात तर दोन्ही हात आणि दुसरा पाय पक्का. हात हलवलात तर दोन्ही पाय आणि दुसरा हात पक्का. उंच दगडावरून उतरताना तोंड दगडाकडे ठेवा आणि हा नियम पाळा. दुसरा नियम असा, की दगडावर भार टाकण्यापूर्वी त्याला विचारा. म्हणजे त्यावर हाताने थोपटा. भरीव दगडाचा आवाज भरीव येतो. आतून सुटलेल्या दगडाचा आवाज पोकळ, रिकाम्या माठासारखा येतो. बेसाल्टला भेगा फार असतात, म्हणून बाहेरून पक्का दिसणारा दगड कधी कधी हातात येतो.

आता अत्तराचे कारण. कड्याच्या कपारीखाली काळपट, मोठी, लोंबती पोळी दिसली, तर ती आग्या मोहोळे आहेत. मोहोळ म्हणजे मधमाश्यांचा छत्ता. आग्या माशी आपल्याकडच्या मधमाश्यांत सर्वांत मोठी आणि सर्वांत रागीट. उग्र वास, धूर, आरडाओरडा आणि दगड मारणे यांनी ती चिडते. दरवर्षी किल्ल्यांवर आणि लेण्यांत या माश्यांनी चावल्याच्या बातम्या येतात. बहुतेक वेळा कोणीतरी खाली शेकोटी पेटवलेली असते किंवा दगड भिरकावलेला असतो. माश्या आल्याच, तर हात हलवू नका. तोंड आणि डोके कपड्याने झाका आणि शांतपणे, पण लवकर, त्या जागेपासून दूर जा. पळण्याच्या भरात कड्याकडे मात्र जाऊ नका.

तळाशी पोहोचलो. हवा एकदम गार झाली. वर माळावर वारा होता, ऊन होते. इथे झाडांची दाट सावली आहे. रामेश्वराच्या मंदिरात यात्रेकरू दर्शन घेत असतात. मशिदीत किंवा दर्ग्यात आपण पादत्राणे बाहेर काढतो, तशीच इथेही काढावीत आणि मोठ्याने बोलू नये. श्रीराम या जागी आले होते, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. एखादी म्हातारी पायरीवर टेकलेली असेल. तिला "आजी, नदीला पाणी कधी आलं?" असे विचारा. आपल्या पुस्तकातल्यापेक्षा वेगळी मराठी ऐकायला मिळेल आणि उत्तरही पुस्तकात नसलेले मिळेल.

धबधब्याकडे पाहताना तुषार अंगावर येतात. कुंडात उतरण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो टाळा. पडत्या पाण्याखाली कुंड किती खोल आहे हे कोणी सांगू शकत नाही आणि खालचे दगड दिसत नाहीत. आणखी एक धोका आहे. तो फार कमी लोकांना माहीत असतो. तुमच्या डोक्यावर आकाश निळे असू शकते आणि त्याच वेळी वर माळावर दूर कुठेतरी जोराचा पाऊस पडत असू शकतो. ते सगळे पाणी या अरुंद दरीतच येणार. म्हणून पाण्याकडे लक्ष ठेवा. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागले, त्यातून काड्या, पाला, फेस येऊ लागला, आवाज वाढला, तर डबा तिथेच टाका आणि उंच जागी चढा. सामान गोळा करायला थांबू नका. पाणी वाढायला फार वेळ लागत नाही.

ते इतक्या लवकर का वाढते? याचे उत्तर शोधण्यासाठी घरी एक प्रयोग करा. एका ताटात पाणी ओता. दुसऱ्या ताटात जाड कापडाची घडी ठेवून तेवढेच पाणी ओता. आता दोन्ही ताटे तिरकी करा. पहिल्या ताटातले पाणी एकदम सांडते. दुसऱ्या ताटातले हळूहळू टपकत राहते. बालाघाटाचा माळ बराचसा पहिल्या ताटासारखा आहे. कठीण बेसाल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते फक्त भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात साठते. माथ्यावर माती पातळ आहे. झाडे कमी झाली, तशी तीही वाहून गेली. मग पाऊस पडला की पाणी धावत सुटते, कड्यावरून उडी घेते आणि निघून जाते. आपण टाळ्या वाजवतो. फेब्रुवारीत याच ठिकाणी या. कड्यावर पाण्याची एक रेघ असेल, कदाचित तीही नसेल. ज्या धबधब्याला पाहून आपण खूश झालो, तो म्हणजे गावाच्या विहिरीत न थांबलेले पाणी आहे.

बीड जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पावसाचे ढग आपले बरेचसे पाणी पश्चिमेला रिते करून इकडे येतात. इथे वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही दरवर्षी पडेलच असे नाही. १९७२ सालच्या मोठ्या दुष्काळात मराठवाड्यातल्या माणसांनी पोटासाठी खडी फोडली, रस्ते केले, पाझर तलाव खोदले. पाझर तलाव म्हणजे असा तलाव, की त्यातले पाणी पाटाने शेतात न्यायचे नाही. ते जमिनीत मुरू द्यायचे, म्हणजे खालच्या विहिरींना पाझर फुटतात. २०१६ साली मांजरेवरचे धनेगावचे धरण आटले, तेव्हा लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मांजरा याच तालुक्यात उगम पावते, हे तुम्ही विसरला नाहीत ना?

पाण्याची ही गोष्ट वर्गापर्यंत येते. दसरा-दिवाळी झाली, की बालाघाटावरच्या गावांतून ट्रॅक्टर आणि बैलगाड्या निघतात. त्यांत माणसे, भांडी, कोंबड्या, लहान मुले असतात. ते ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला त्या कामात 'एक कोयता' म्हणतात. माणसांना हत्याराचे नाव मिळाले, हे मला नेहमी खटकते. मार्च-एप्रिलपर्यंत ही माणसे परत येत नाहीत. शाळेतला एखादा बाक तोवर रिकामा राहतो. मुले गावातच राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहे चालवली जातात. काही मुले आजीजवळ राहतात. काही जातातच. घरच्या शेताला आणखी दोन पाण्याच्या पाळ्या मिळाल्या असत्या, तर त्यांतल्या काहींना जावे लागले नसते.

म्हणूनच मी तुम्हांला खजाना बावडी लक्षात ठेवायला सांगितले होते. दगड तोच आहे आणि आकाशही तेच आहे. पण ज्यांनी ती बांधली, त्यांनी पाणी जमिनीखाली कोणत्या वाटेने चालते याचा आधी शोध घेतला आणि मग खोदले.

डबा खाऊन झाला असेल, तर आता वर चढायला लागू. कागद, पिशव्या, बाटल्या परत आपल्याच पिशवीत. चढताना बोलू नका, श्वास नाकाने घ्या, पावले लहान टाका. जो सर्वांत हळू चालतो, त्याला पुढे ठेवा. म्हणजे कोणी मागे राहत नाही. वर पोहोचून मागे वळून पाहिले, की दरी पुन्हा लपलेली असते. फक्त आवाज येतो.

परत जाताना रस्त्याच्या कडेला नाल्यांकडे लक्ष द्या. कुठे सिमेंटचा छोटा बंधारा, कुठे नुसता मातीचा बांध आणि त्यामागे थबकलेले लालसर पाणी. कोणी त्याचा फोटो काढत नाही. गाडी थांबवता आली, तर सरांना सांगून दोन मिनिटे थांबा आणि बांधाच्या खालच्या बाजूच्या विहिरीत किती पाणी आहे ते पाहा.

उपक्रम

शाळेजवळच्या किंवा घराजवळच्या एका विहिरीची निवड करा. मोठ्या माणसाला सोबत घेऊन, काठापासून दूर राहून, दोरीला दगड बांधून तो विहिरीत सोडा. काठापासून पाण्यापर्यंत किती हात दोरी लागली ते मोजा. हे ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात करा. तिन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा.

स्वाध्याय

१. 'बालाघाट' या नावाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा. तुमच्या घरात 'बाला'पासून झालेला आणखी एखादा शब्द वापरतात का?

२. पाटोद्याच्या माळावर पडलेल्या पावसाचे पाणी कोणकोणत्या नद्यांतून जाते? दोन्ही वाटा नकाशावर दाखवा.

३. कारणे लिहा : (अ) कड्याच्या अगदी खाली बसून जेवू नये. (आ) निळे आकाश असतानाही दरीत पूर येऊ शकतो. (इ) दरीत जाताना अत्तर लावू नये.

४. मराठीत आणि उर्दूत सारखे दिसणारे, पण वेगळ्या अर्थाचे दोन शब्द पाठात आले आहेत. ते शोधा आणि प्रत्येकाची दोन वाक्ये करा : एक मराठी अर्थाने, एक उर्दू अर्थाने.

५. तुमच्या वर्गातला एखादा मित्र ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर गेला आहे, अशी कल्पना करा. त्याला पत्र लिहून वर्गात काय शिकवले ते कळवा.